विजेच्या मोटारीतील धाकटी बॅटरी

विजेच्या मोटारीसंबंधी बोलताना आपण प्रायः एकाच बॅटरीचा विचार करीत असतो. ती एकदा भरली म्हणजे किती किलोमीटर नेते, किती वर्षे टिकते आणि बदलावयाची झाल्यास काय खर्च येतो, हेच प्रश्न विचारले जातात. परंतु अशा बहुतेक प्रत्येक मोटारीत आणखी एक बॅटरी असते. ती आकाराने लहान, किमतीने बेताची आणि बहुधा पेट्रोलच्या गाडीतील नेहमीच्या बॅटरीसारखीच असते. ही धाकटी बॅटरी उतरली, म्हणजे थोरली भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. कित्येकदा तिचे दारदेखील उघडत नाही. या लहान बॅटरीकडे निर्माते, विक्रेते आणि गाडी वापरणारे या तिघांचेही दुर्लक्ष होत आहे, आणि हे दुर्लक्ष केवळ गैरसोयीचे नसून प्रसंगी जिवावर बेतणारे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे शक्य तितक्या सोप्या रीतीने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते घराशेजारी घडलेल्या एका प्रसंगाने. दिल्लीत आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी विजेची मोटार घेतली आणि पुढे महिनाभर ते सहकुटुंब आपल्या गावी गेले. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे घरातील आजींस रुग्णालयात न्यावयाचे होते. गाडी दारात उभी होती. जाताना थोरल्या बॅटरीत सत्तर टक्के वीज शिल्लक असल्याचे त्यांनी पाहिले होते. पण किल्लीवरील कळ दाबून दार उघडेना, दिवा लागेना, काहीच होईना. आजींस भाड्याच्या मोटारीने न्यावे लागले. दुपारी गॅरेजमधून एक तरुण मेकॅनिक आला. त्याने एक लहानशी बॅटरी आणि दोन तारा आणल्या होत्या. पाच मिनिटांत गाडी जागी झाली. भोवती जमलेल्या मुलांपैकी एकाने विचारले, “काका, एवढी मोठी बॅटरी भरलेली होती, मग ह्या छोट्या बॅटरीने काय केलं?” काकांना उत्तर देता आले नाही, आणि शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर करण्यात वर्षे घालविलेल्या मलाही ते देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

दोन बॅटऱ्या कशासाठी?

विजेच्या मोटारीची चाके फिरविणारी थोरली बॅटरी साधारणतः ३०० ते ४०० व्होल्टची असते. काही नव्या गाड्यांत तो दाब ८०० व्होल्टच्या आसपास गेला आहे. इतका दाब मनुष्याच्या शरीरास प्राणघातक ठरू शकतो. मोटारींच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम एकदिश प्रवाहाच्या बाबतीत ६० व्होल्टच्या वरचा दाब ‘उच्च’ मानतात आणि त्यासाठी विशेष निरोधन, झाकणे व खुणा यांची सक्ती करतात. उच्च दाबाच्या तारांना नारिंगी आवरण असते ते याचसाठी. तेव्हा दिवे, भोंगा, काच पुसण्याचे यंत्र, दारांची कुलुपे आणि गाडीतील अनेक लहानमोठे संगणक यांना थेट थोरल्या बॅटरीशी जोडणे हिताचे नसते. ही सर्व कामे १२ व्होल्टवर चालतात. पेट्रोलच्या मोटारींत १९५० च्या सुमारापासून ६ व्होल्टची जागा १२ व्होल्टने घेतली, आणि तेव्हापासून जगभर दिव्यापासून पंख्यापर्यंतची सारी सामग्री याच दाबासाठी तयार होत आली आहे. विजेच्या मोटारीने हा वारसा जसाच्या तसा स्वीकारला.

परंतु धाकट्या बॅटरीचे खरे महत्त्व याहून वेगळे आहे. गाडी उभी असते तेव्हा थोरली बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्णपणे तोडलेली असते. तिच्या दोन्ही अग्रांवर काँटॅक्टर नावाच्या विद्युच्चुंबकीय कळा असतात. या कळा स्प्रिंगच्या जोराने स्वभावतःच उघड्या राहतात. त्यांतील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला तरच त्या मिटतात. अपघात झाला, तार तुटली किंवा प्रवाह थांबला, की त्या आपोआप उघडतात आणि उच्च दाबाची वीज पेटीतच कोंडली जाते. ही योजना अत्यंत शहाणपणाची आहे. पण त्या वेटोळ्यासाठी लागणारी वीज कोठून यावयाची? ती येते धाकट्या बॅटरीतून.

गाडी सुरू करावयाची म्हणजे काय होते ते क्रमाने पाहू. प्रथम धाकट्या बॅटरीवर चालणारे संगणक जागे होतात आणि सर्व काही ठीक असल्याची खात्री करून घेतात. नंतर एक लहान कळ मिटून एका प्रतिरोधकामधून थोडा प्रवाह सोडला जातो, म्हणजे पुढील यंत्रणेतील विद्युत्संधारक एकदम धक्का न बसता भरतात. त्यानंतर मुख्य काँटॅक्टर मिटतात. आता थोरल्या बॅटरीची वीज बाहेर येते. तिच्यातील काही भाग एका परिवर्तकातून जाऊन सुमारे १४ व्होल्टपर्यंत उतरविला जातो आणि तो धाकट्या बॅटरीस पुन्हा भरू लागतो.

यातील अडचण वाचकांच्या ध्यानात आली असेलच. धाकटी भरावयाची तर थोरलीचे दार उघडले पाहिजे. आणि थोरलीचे दार उघडावयाचे तर धाकटीत वीज असली पाहिजे. धाकटी पूर्ण उतरली, की हे चक्र तुटते. भांडाराची किल्ली भांडारातच राहून बाहेरून कडी लागावी, तशी ही अवस्था होय. थोरल्या बॅटरीत चाळीस युनिट वीज असली, तरी त्यातील एक कणही उपयोगी पडत नाही. भरण्याच्या केंद्रावर नेऊन तार जोडली तरी बहुधा काम होत नाही, कारण तेथील यंत्राशी बोलणी करणारा गाडीतील संगणकच निजलेला असतो.

एका शब्दाची दुरुस्ती

येथे माझ्या व्यवसायातील एक चूक कबूल करणे योग्य होईल. या धाकट्या बॅटरीस इंग्रजीत ‘ऑक्झिलरी’ असे विशेषण लावतात. त्यासाठी मी पूर्वी ‘दुय्यम घटमाला’ असा प्रतिशब्द योजला होता. तो दोन प्रकारे चुकीचा होता. एक तर शास्त्रीय परिभाषेत, जो घट पुन्हा भरता येतो त्यास दुय्यम घट म्हणतात. या अर्थाने मोटारीतील दोन्ही बॅटऱ्या दुय्यमच ठरतात. आणि दुसरे असे, की व्यवहारात ‘दुय्यम’ म्हणजे ज्याच्या अभावी फारसे अडत नाही ते. येथे तर सगळे हिच्यावाचूनच अडते. विक्रेत्याने ‘ती काय, साधी बॅटरी आहे’ म्हणून हात झटकणे आणि भाषांतरकाराने तिला दुय्यम म्हणणे, या दोहोंच्या मुळाशी समजुतीची एकच उणीव आहे.

शिशाची दीडशे वर्षांहून जुनी सोबत

या धाकट्या बॅटरीचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा भरता येणारा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँते याने १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप देण्याची रीत काढली आणि हा घट व्यवहारोपयोगी झाला. त्यानंतर लवकरच विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार पेट्रोलची नव्हती. १८९९ मध्ये कामीय जेनात्झी याने फ्रान्समध्ये चालविलेली ती मोटार विजेचीच होती. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करावयाची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे, आणि तो उलटा फिरून मनगट मोडण्याची भीती असे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हा त्रास संपला. पेट्रोलच्या गाडीची सरशी होण्यास जी कारणे झाली, त्यांत हे एक होते. म्हणजे ज्या शिशाच्या बॅटरीने विजेची मोटार जन्मास घातली, तिनेच पुढे प्रतिस्पर्ध्यास हात दिला. आणि आज विजेची मोटार परत आली असता तीच तिच्या दारावर किल्ली घेऊन उभी आहे.

या बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. त्यामुळे पूर्ण भरलेल्या आणि काही वेळ स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो, तो १२.२ च्या आसपास आला की ती निम्मी उतरली आणि १२ च्या खाली गेला की जवळजवळ रिकामी झाली, असे समजावे. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट जमते. भरताना ते पुन्हा विरघळते. परंतु बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर त्या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. एकदा पुरती मेलेली बॅटरी पुन्हा भरली तरी पूर्वीसारखी टिकत नाही, याचे कारण हेच. आपल्याकडील उन्हाळ्याची उष्णता ही झीज आणखी वाढविते.

ती उतरते कशी?

थोडे गणित करून पाहू. धाकट्या बॅटरीची क्षमता ४५ अँपिअर-तास आहे असे समजा. तिच्यातील एकंदर ऊर्जा १२ गुणिले ४५, म्हणजे ५४० वॉट-तास, अर्थात अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक भरते. गाडी निजलेली असतानाही कुलूप, धोक्याची घंटा, दूरध्वनीशी संपर्क ठेवणारे यंत्र ही थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह ०.०५ अँपिअर धरला तर बॅटरी ९०० तास, म्हणजे सदतीस दिवस पुरेल. परंतु मालकाने पुढच्या काचेपाशी चित्रण करणारा कॅमेरा बसविला आणि तो अहोरात्र ०.३ अँपिअर घेऊ लागला, तर तीच बॅटरी १५० तासांत, म्हणजे सहा-सात दिवसांत रिकामी होईल. दूरध्वनीवरून घडोघडी गाडीची खुशाली विचारण्याची सवयही अशीच महागात पडते, कारण प्रत्येक विचारणेस गाडीतील संगणक जागे होतात.

यावर कोणी म्हणेल की, नव्या गाड्यांत उभ्या स्थितीतही थोरली बॅटरी मधूनमधून धाकटीस आपोआप भरते. मग चिंता कशाची? ही सोय चांगली आहे आणि ती सर्वत्र असावी. पण ती परिवर्तकावर आणि संगणकाच्या आज्ञावलीवर अवलंबून आहे, आणि या दोन्ही गोष्टी बिघडू शकतात. मार्च २०२४ मध्ये ह्युंदाई कंपनीने अमेरिकेतील सुमारे ९९,००० विजेच्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. धाकटी बॅटरी भरणारा भाग निकामी होऊन चालती गाडी बंद पडण्याचा संभव आहे, हे त्याचे कारण होते. त्याच वर्षी भारतातही आयोनिक ५ या प्रकारच्या १,७४४ गाड्यांच्या बाबतीत तसेच करावे लागले. दोष उघडपणे मान्य करून दुरुस्त करणे हे चांगलेच झाले. पण ‘यंत्र स्वतःचे स्वतः पाहून घेईल’ या विश्वासावर सर्वस्वी विसंबता येत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

न्यायाने पाहता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बॅटरीमुळे गाडी अडून राहणे हा काही विजेच्या मोटारीचाच दोष नव्हे. जर्मनीतील एडीएसी ही मोटारधारकांची मोठी संस्था दरवर्षी बिघाडांची नोंद प्रसिद्ध करते. तीत १२ व्होल्टची बॅटरी हेच सर्व प्रकारच्या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण आढळते, आणि त्याच वयाच्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या मानाने विजेच्या गाड्या एकंदरीत कमी वेळा बंद पडतात. तेव्हा या लेखाचा उपयोग विजेच्या मोटारीस नावे ठेवण्यासाठी कोणी करू नये. फरक आहे तो उपायांत. गिअर हाताने बदलावयाची जुनी गाडी चार जणांनी धक्का मारला की सुरू होत असे. ही विद्या आपल्या देशात लहान मुलासही अवगत होती. विजेच्या मोटारीस कितीही धक्का मारला तरी काँटॅक्टर मिटत नाहीत. उलट चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास काही गाड्यांच्या यंत्रास इजा पोचते. जुनी विद्या निरुपयोगी झाली आहे, आणि नवी कोणी शिकविलेली नाही.

दार न उघडले तर

गाडी न चालणे ही गैरसोय झाली. दार न उघडणे हे संकट होय. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात स्कॉट्सडेल या गावी एका आजीने आपल्या वीस महिन्यांच्या नातीस टेस्ला कंपनीच्या मॉडेल वाय गाडीत बसवून दार लावले. ती पुढच्या दाराशी येते तो धाकटी बॅटरी मेली आणि एकही दार उघडेना. ॲरिझोनातील जून महिना म्हणजे काय, हे आपल्याकडे विदर्भातील वाचकांस सांगावयास नको. अग्निशामक दलाच्या जवानांनी काच फोडून मुलीस सुखरूप बाहेर काढले. त्या गाडीत आतून हाताने दार उघडण्याची सोय होती. पण आसनास बांधलेल्या तान्ह्या मुलीस तिचा काय उपयोग? पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२१ च्या सुमारे १,७४,००० मॉडेल वाय गाड्यांच्या दारांसंबंधी चौकशी सुरू केली. बाहेरच्या मुठी चालेनाशा झाल्याने काही पालकांस काच फोडावी लागल्याच्या तक्रारी तिच्या मुळाशी होत्या.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. मनुष्याने आत जावयाचे आणि बाहेर यावयाचे दार कोणत्याही बॅटरीच्या मर्जीवर सोपविता कामा नये. गाडीचा आकार सुबक दिसावा म्हणून मूठ लपवावयाची, आणि ती लपविल्याचे मालकास सांगावयाचेही नाही, हा व्यवहार कोणत्याही सबबीवर समर्थनीय ठरत नाही.

गाडी मेली असता काय करावे?

आता प्रत्यक्ष उपाय. प्रथम हे ध्यानात ठेवावे की, येथे फार मोठ्या शक्तीची गरज नसते. पेट्रोलचे इंजिन फिरविण्यास स्टार्टर शेकडो अँपिअर प्रवाह घेतो. विजेच्या मोटारीत मात्र संगणक जागे करून काँटॅक्टर मिटविण्यापुरताच प्रवाह लागतो. म्हणून दुसरी लहानशी १२ व्होल्टची बॅटरी किंवा त्यासाठी मिळणारे हातात मावणारे साधनही पुरते.

बहुतेक किल्ल्यांच्या पोटात एक साधी धातूची किल्ली दडविलेली असते. तिने चालकाचे दार उघडावे. गाडीच्या पुस्तिकेत बॅटरीची किंवा तिच्यासाठी ठेवलेल्या अग्रांची जागा पाहून घ्यावी. काही गाड्यांत पुढील झाकणच विजेवर उघडते, व त्यासाठी बाहेरून वीज देण्याची वेगळी जागा असते. धन अग्रास धन अग्र जोडावे. ऋण तार पुस्तिकेत दाखविलेल्या ठिकाणी, बहुधा गाडीच्या उघड्या धातूच्या सांगाड्यास जोडावी. गाडी ‘तयार’ असल्याची खूण दिसली की तारा उलट क्रमाने काढाव्यात आणि गाडी तासभर तरी त्याच स्थितीत ठेवावी, म्हणजे परिवर्तक धाकट्या बॅटरीस भरील. नारिंगी तारांस कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. धाकटी बॅटरी शिशाची नसून लिथियमची असेल, तर शिशाच्या बॅटरीसाठी केलेले भरणयंत्र तिला लावू नये. तसेच विजेच्या गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोलची गाडी सुरू करून देण्याचा परोपकार पुस्तिकेत स्पष्ट अनुमती असल्याखेरीज करू नये; स्टार्टरला लागणारा प्रवाह परिवर्तकास झेपणारा नसतो. शेवटी, मेलेली बॅटरी तपासून घ्यावी आणि ती चार-पाच वर्षांची असल्यास बदलूनच टाकावी.

तीन मागण्या

वर सांगितलेल्यात असे काहीही नाही की जे सामान्य मनुष्यास समजणार नाही. तरीही ते त्यास कोणी सांगत नाही. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली अशी, की थोरल्या बॅटरीची टक्केवारी जेथे दिसते तेथेच धाकटीचा दाबही दिसावा, आणि तो उतरू लागताच मालकास सूचना मिळावी. दुसरी अशी, की प्रत्येक दार आतून व बाहेरून, विजेवाचून उघडण्याची सोय असावी, आणि ती अंधारातही हातास सापडेल अशा जागी असावी. तिसरी अशी, की निदान संकटकाळी करावयाच्या गोष्टींचे एक पान गाडी घेणाऱ्याच्या भाषेत छापलेले असावे. मराठी, तमिळ, बंगाली वा आसामी बोलणाऱ्याने पहाटेच्या अंधारात इंग्रजी पुस्तिका चाळीत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शाळांकडेही एक मागणे आहे. एक व्होल्टमापक आणि एक जुनी बॅटरी एवढ्या साहित्यावर दाब, क्षमता, प्रवाह आणि काळ यांचा संबंध विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखविता येतो. वर दिलेले गणित नववीतील विद्यार्थी सहज करील. तसे झाले तर पुढच्या वेळी, दारात उभ्या असलेल्या बंद गाडीभोवती मुले जमतील तेव्हा, त्यांच्यातील एखादीच काकांना सांगेल की गाडी मेलेली नाही, तिच्या दारावरचा पहारेकरी तेवढा निजला आहे. आणि त्यास जागे कसे करावयाचे, तेही दाखवील.